पाठ फिरवून उभे राहणारे सुभाषभाऊ

भाऊ, त्या दिवशी मी पळत आले होते. तुम्हाला ते कळलं असण्याचं कारण नाही, म्हणून आधी तेच सांगते. दुपारची वेळ होती. मी एका ब्लाऊजला हुक लावत बसले होते. तुमच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने मधल्या भिंतीवर थापा मारल्या आणि म्हणाला, "ताई, शेठ कसंतरीच करून राह्यले, बघा जरा." मी उठले ती अनवाणीच. हातातली सुई कुठे पडली ते अजून सापडलेलं नाही. तुम्ही खुर्चीत मागे रेललेले होता, चष्मा कपाळावर, तोंड किंचित उघडं. समोरच्या गॅरेजवाल्यांनी तुम्हाला खाली फरशीवर उताणं निजवलं. मी तळपाय चोळले. कुणीतरी छाती दाबली. मग जीप निघाली आणि अंबडला डॉक्टर म्हणाले की जे व्हायचं ते दुकानातच होऊन गेलं होतं.

मी कधी कुठे वेळेवर पोचत नाही. "ताईकडं ब्लाऊज टाकलं तर नवरीनं लग्न पुढं ढकलावं," असं तुम्ही माझ्याच गिऱ्हाइकांना सांगायचा. त्या दिवशी मात्र मी वेळेवर आले होते. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हापासून लोक मला विचारतात, फार वाईट वाटलं असेल ना. मी हो म्हणते. खरं तर काहीच वाटत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपलाच गाल आपला राहत नाही, तसं झालंय. रडू आलं नाही. जेवण जातं, झोप लागते, मशीन चालतं. फक्त परवा एका पोरीच्या ड्रेसला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच लावून ठेवल्या आणि तिने घालून बघेपर्यंत मला ते दिसलंही नाही. ती हसली. मी उसवून दिलं.

तुमच्या उठावण्याच्या शोकसभेला मी मागच्या रांगेत बसले होते. जालन्याहून, संभाजीनगरहून तुमचे सगळे नातेवाईक आले होते. बायकांमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी हळूच विचारलं, "आप कौन?" मी म्हणाले, बाजूच्या दुकानातली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा समोर बघू लागल्या. चूक काहीच नव्हतं त्यात. वडीगोद्रीच्या हायवेवर दोन गाळे, मध्ये एक भिंत, अलीकडे माझं शिलाई मशीन आणि पलीकडे तुमचं बियाणं, खतं, औषधं. राखी मी तुम्हाला कधी बांधली नाही, कारण ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही मला ताई म्हणायचा, मी भाऊ म्हणायची, पण एवढ्याने कुणी कुणाचं होत नाही. जगाला दाखवता येईल असं आपल्या दोघांत एकच होतं, आणि ते तुमच्या बंद दुकानात काचेच्या पेटीत बसलेलं होतं.

मला आठवतंय ती आली तो दिवस. तुमच्या धंद्यातली रीतच आहे, शेतकरी औषध मागायला येताना कीड सोबत घेऊन येतो. कुणी कापसाचं बोंड आणतं, कुणी सोयाबीनचं पान, एकाने तर शर्टाच्या खिशातून जिवंत अळी काढून काउंटरवर ठेवली होती. त्या दिवशी एकाने प्लॅस्टिकची बरणी आणली. बांध सपाट करताना जेसीबीखाली बीळ फुटलं आणि त्यातून ती निघाली होती. हाताच्या पंजाएवढी, अंगभर केस. मी तुमच्या माठातलं पाणी न्यायला आले होते, तिथेच थांबले. बरणी जराशी हलली तर तिने पुढचे पाय वर उचलले आणि खसखसल्यासारखा आवाज केला. कोळ्याला आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं.

"शेठ, याच्यावर कोणतं औषध चालंल?" त्याने विचारलं.

तुम्ही चष्मा वर केला, बरणी उजेडाला धरली. तुमच्या मागच्या फळ्यांवर जगातल्या सगळ्या किड्यांचं मरण बाटल्याबाटल्यांनी मांडून ठेवलेलं होतं. आणि तुम्ही म्हणालात, "याच्यावर औषध न्हाई आलं अजून. ठेवून जा."

तुम्ही गिऱ्हाइकाला खोटं बोललेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

तुमचं ते सगळंच उलटं होतं, भाऊ. कीटकनाशक विकणारा माणूस दुकानात झुरळ निघालं की मला हाक मारायचा. मी झाडूने ते बाहेर घालवायचं, मारायचं नाही, आणि वर तुमची सूचना असायची, मिशी मोडू देऊ नका. मी म्हणायची, शिवारभर विकता ते काय गुलाबपाणी आहे का? "विकणं येगळं अन् मारणं येगळं," तुम्ही म्हणायचा. कसं वेगळं, विचारलं की काउंटर पुसायला घ्यायचा. तो काउंटर त्यामुळेच इतका स्वच्छ असायचा.

तिला ठेवून तर घेतलंत, पण खायला काय द्यायचं हा विचार मागाहून आला. पहिल्यांदा तुम्ही भिजवलेली मूगडाळ ठेवलीत. मग केळ्याची चकती. मग दुधात भिजवलेला कापूस. मी भिंतीच्या अलीकडून विचारलं, लसूण घातला नाही ना डाळीत, नाहीतर धर्म बुडायचा तिचा. तुम्ही रागावलात. कोळ्याला शाकाहारी करायला निघालेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात तुम्हीच एक असाल. ती डाळीवरून चालत गेली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मग तुम्ही मोबाइलवर वाचायला लागलात. दोन दिवस वाचतच होतात. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभे राहिलात, तुमचा चेहरा पडलेला होता.

"ताई, हिला जिवंत लागतं," तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही जे वाचलं होतं ते सगळं मला सांगितलं. मी फॉल लावत ऐकत होते. ही टॅरेंटुला. आपल्याकडचीच, महाराष्ट्राच्या मातीतली, पण परदेशात लोक हौसेने पाळतात आणि तिच्या रंगावरून तिला जांभळी म्हणतात. मला ते पटलं नव्हतं, मला ती शेणकुटाच्या रंगाची दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पेटी दाराशी उन्हात ठेवलीत आणि मला बोलावलंत. पाठीवर जांभळी झाक चढली होती, पोटावर वाघासारखे आडवे पट्टे, कडेला बारीक केसांची झालर. असं कापड मला मिळालं तर मी ते गिऱ्हाइकाला दाखवणार नाही, स्वतःलाच शिवेन. तुम्ही इतके खूश झालात, जणू ते कापड तुम्हीच विणलं होतं.

नाकतोडे मी आणायचे असं ठरलं. आमच्या म्हशीसाठी लसूणघास आहे, त्यावर आम्ही कधी फवारत नाही. एकदा मी आळस केला आणि रस्त्याकडेच्या कापसातून धरून आणला, तर तुम्ही नाव घेऊन सांगितलंत, हे रान अमक्याचं, त्याने परवाच अमुक औषध नेलंय, हा नाकतोडा तिच्या पोटात गेला तर ती मरेल. कुठल्या शिवारातला किडा खाण्यालायक आहे हे तुम्हाला तोंडपाठ होतं, कारण उरलेल्या सगळ्या शिवारांना तुम्हीच औषध दिलं होतं. ते बोलून झाल्यावर तुम्ही काउंटर पुसायला घेतला होतात.

मी झाकण उघडायची. तुम्ही पाठ फिरवून उभे राहायचा, तोंड रस्त्याकडे, हात मागे बांधलेले. ती बिळाच्या तोंडाशी, तिने विणलेल्या पांढऱ्या जाळीवर पाय टेकवून बसलेली असायची. डोळे म्हणे आठ आहेत पण दिसतं कमीच, सगळं पायाच्या केसांना कळतं. नाकतोडा जाळीवर पडला की पुढचं दिसायचंच नाही इतकं झटकन व्हायचं. मग तुम्ही रस्त्याकडे बघतच विचारायचा, "झालं का, ताई?" मी म्हणायची, झालं. तेव्हा तुम्ही वळायचा. कधी कधी पाठमोऱ्या तुमच्या मानेवरून मला कळायचं की ओठ हलतायत. तो जप नाकतोड्यासाठी होता, तिच्यासाठी होता की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं. मग वाटतं, तुम्ही काउंटर पुसायलाच घेतला असता.

यावरूनच आपलं भांडण सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मी एकदा सहज म्हणाले, तुम्ही आपले पाठ फिरवून पुण्यवान, पाप सगळं माझ्या डोक्यावर. तुम्हाला ते लागलं. आमच्यात तसं नसतं, तुम्ही म्हणालात. करणारा, करवणारा आणि बरं झालं म्हणणारा, तिघं बराबरीचे. "तुमचा हात हाय, पण ठेवलंय मी. पाप माझं." मी म्हणाले, मग तुम्हीच टाका. तुम्ही म्हणालात, हात उठत न्हाई. मी म्हणाले, मग निदान अर्धं अर्धं करा. तुम्ही म्हणालात, पापाचं अर्धं होत नसतं, ती काय भाकर हाय? मी म्हणाले, आमच्यात होतं. आमच्यात कशाचंही होतं. असं ते वर्षानुवर्षं चाललं. पजुसणात, तुम्हा जैनांच्या उपासांच्या दिवसांत, तुम्ही मला तेवढ्यापुरतं नाकतोडा टाकू नका म्हणायचा, आणि नेमकी त्याच दिवसांत एकदा तीही खाईना. मग काय, येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही सांगत सुटलात, उपास करून राह्यली.

आता मला कळतं की तो उपास नव्हता, ती कातीवर आली होती. तेव्हा आपल्या दोघांनाही कळलं नाही. एके दिवशी दुपारी तुम्ही भिंतीवर टकटक केलंत. नेहमीसारखी नाही, हळू. मी येऊन बघितलं तर ती जाळीवर उताणी पडलेली, आठही पाय वर. तुम्ही टोपी काढून ठेवली होती. काचेजवळ तोंड नेऊन तिला नवकार मंत्र ऐकवत होतात. शेतकरी आत आला तर त्याला हाताने थांबवलंत. ऐकवून झाल्यावर मला म्हणालात, ताई, कागदावर उचला आणि मागच्या लिंबाखाली जरा माती करा, माझ्यानं व्हणार न्हाई. माझ्याकडे त्या दिवशी नवरीचं ब्लाऊज होतं, लोक संध्याकाळी न्यायला येणार होते आणि मी नेहमीप्रमाणे मागे पडले होते. मी म्हणाले, एवढं संपवून येते, मेलेल्याला कसली घाई. तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंत ती मला आवडली नव्हती.

दिवे लागणीला मी आले तेव्हा तुम्ही दारातच उभे होता.

"ताई," तुम्ही म्हणालात, "दोन झाल्या."

एक रिकामी होती. मी ती नंतर हातात घेऊन बघितली. माझ्या धंद्यात मी असली उसवण बघितली नव्हती. वरचं झाकण डबीसारखं उघडलेलं, आणि आठही पाय आपापल्या बाहीतून नखापर्यंत काढून घेतलेले, एक टाका न तुटता. घट्ट ब्लाऊज काढताना बायका माझ्या दुकानात केवढा गोंधळ घालतात, आणि हिने उताणं पडून, कुणाला हाक न मारता हे केलं होतं. ती बाजूला बसली होती, फिकट, मऊ, दात पांढरे. तुम्ही मोबाइलवर वाचून दाखवलंत की तेव्हा कुणी हात लावला तर ती मरते. तेवढं वाचून तुम्ही खाली बसलात.  तुम्ही म्हणालात, तुमच्या ब्लाऊजनं वाचवलं तिला. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही मला उशिराबद्दल बोलला नाहीत.

भाऊ, त्या वेळी मी उशीर केला आणि ती उठली. या वेळी मी पळत आले. मला एवढंच पुन्हा पुन्हा आठवतं. त्याचा अर्थ काही नसतो हे मला कळतं, तरी आठवतं.

त्या कातीवरून ती मादी आहे हेही तुम्ही शोधून काढलंत. तेव्हापासून मी तिला शेठाणी म्हणायला लागले. तुम्ही लाजायचा आणि म्हणायचा, हळू बोला, घरी कळलं तर जेवण बंद होईल. कांचनभाभी कधी दुकानाच्या आत येत नव्हत्या. डबा दाराशी देऊन जायच्या, पेटीकडे न बघता. तुम्ही सांगायचा की यांच्यात नर मोठा झाला की बीळ सोडतो, मादीच्या शोधात भटकतो आणि थोड्याच दिवसांत संपतो. मादी आपलं घर सोडत नाही आणि वर्षानुवर्षं जगते. "माझ्या माघारी बी ही राहील, ताई," असं म्हणाला होतात. मी म्हणाले, तुम्हाला काय धाड भरलीये. आणि आपण दोघं चहा प्यायलो.

मी तिला सोडून द्या म्हणायची, हे तर आपलं दुसरं भांडण. जेसीबीतून वाचवली ते ठीक, पण पेटीत कोंडली हे कुठलं पुण्य? तिला ओढ्याच्या कडेला नेऊन सोडा, ती आपलं बीळ आपण खणेल. तुम्ही दरवेळी काहीतरी सांगायचा, ऊन आहे, थंडी आहे, मुंगूस आहे. यंदा पोळ्याच्या सुमारास मी जरा जोरातच बोलले. तुम्हाला ती सोडवत नाही, तुम्हाला करमणूक पाहिजे, असं म्हणाले. तुम्ही उठलात, दुकानाच्या पायरीवर गेलात आणि हात लांब करून पलीकडचं सगळं दाखवलंत, ऊस, कापूस, मोसंबीच्या बागा.

"कुठं सोडू, सांगा," तुम्ही म्हणालात. "जिकडं हात करान तिकडं माझंच औषध हाय."

 विकणं वेगळं आणि मारणं वेगळं, हे वाक्य त्यानंतर तुमच्या तोंडून मी ऐकलं नाही. मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. की तुम्ही विकलं नसतं तर दुसऱ्याने विकलं असतं, की आमच्याही घरात तुमचीच बाटली येते आणि त्यावर आमचा कापूस उभा राहतो. हे सगळं खरं होतं आणि यातलं काहीच मी बोलले नाही. मशीनवर जाऊन बसले. मशीन सुरू झालं की भिंतीतून कंप जायचा आणि ती बिळात खोल जायची, बंद झालं की वर यायची, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. त्या दिवशी मी मशीन लवकर बंद केलं. एवढंच मला सुचलं.

तुम्ही गेल्यावर तुमच्या दुकानाला कुलूप लागलं. ती आत होती. उपाशी ती महिनोन्महिने राहते हे मला माहीत होतं, पण तिच्या पाण्याच्या वाटीचा घोर लागला होता. किल्ली मागायची तर कुठल्या तोंडाने? ज्या घरातला माणूस गेला त्या घरी जाऊन मी म्हणू, माझा कोळी आत राहिलाय? आणि माझा तरी कुठे होता तो. मला तुमची खुर्ची नको होती, फोटो नको होता, आठवण म्हणून काहीही नको होतं. ती तेवढी पाहिजे होती. हे एवढं स्पष्ट मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आता काउंटर पुसू शकत नाही.

मी मशीन कमी चालवायला लागले. बंद केलं की भिंतीकडे बघत बसायची, ती वर आली असेल म्हणून.

मग पुण्याहून तुमचा प्रितेश आला, माल कंपन्यांना परत करायचा म्हणून शटर उघडलं. मी दारात जाऊन उभी राहिले. तो चांगला मुलगा आहे, बापासारखाच बोलताना चष्मा वर करतो. म्हणाला, काकू, दुकान आता बंदच करणार, याचं काय करायचं? पुण्यात माझ्या ओळखीचा एकजण असले कोळी पाळतो, तो घेईल. मी म्हणाले, हो, बरं होईल. असंच म्हणाले, भाऊ. माझा काय हक्क होता?

तो पेटीजवळ गेला आणि म्हणाला, "काकू, ही तर मेली वाटतं." त्याने काउंटरवरची पट्टी उचलली.

ती जाळीवर उताणी होती. आठही पाय वर.

"हात नको लावू," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की गॅरेजवाले बघायला आले. प्रितेशने पट्टी खाली ठेवली. मी तुमच्या खुर्चीवर बसले. तुमच्या खुर्चीवर मी त्याआधी कधी बसले नव्हते. त्याला सगळं समजावून सांगितलं, काय होणार, किती वेळ लागणार, कुणी धक्का लावायचा नाही. त्याने घरी फोन केला. आणि थोड्या वेळाने मागच्या गल्लीतून कांचनभाभी आल्या. पांढरी साडी, डोक्यावर पदर. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच त्या घराबाहेर पडल्या असाव्यात. त्या दारात थांबल्या नाहीत, आत आल्या आणि बियाण्याच्या पोत्यावर बसल्या, काचेच्या अगदी समोर.

 प्रितेश मागे बॉक्स बांधत होता. ऊन पायरीवरून उतरत उतरत रस्त्यावर गेलं. तिच्या पाठीवरचं झाकण उचललं गेलं, मग एकेक पाय हळूहळू बाहीतून निघायला लागला, थांबायचा, पुन्हा निघायचा. भाभींची नजर हलली नाही. तुम्हाला ज्या फरशीवर निजवलं होतं ती आमच्या पायाशी होती. मला ठाऊक होतं की त्यांच्याही मनात तेच आहे आणि दोघींनाही ते बोलायचं नाही. शेवटचा पाय निघाला, ती कुशीवर वळली, मग पालथी होऊन उभी राहिली, फिकट आणि ओली.

"ही उठली," भाभी म्हणाल्या.

मी हो म्हणाले. त्यांनी पदराने तोंड पुसलं. रडल्या की नाही मला कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, हिला कोण खाऊ घालतं? मी सांगितलं. नाकतोड्याचं सांगितलं, तुम्ही पाठ फिरवून उभे राहायचा तेही सांगितलं, आणि पापाच्या भांडणाचंही. का सांगितलं कोण जाणे. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, घरी येऊन रोज आलोयणा करायचे, क्षमा मागायचे, पण कशाबद्दल ते कधी बोलले नाहीत. जाताना प्रितेशला म्हणाल्या, ही पुण्याला जायची न्हाई. ताईच्या दुकानात ठेव.

आता ती माझ्याकडे आहे, भाऊ. कपाटाच्या शेजारी, मशीनपासून लांब, खाली जाड गोधडी घालून, म्हणजे कंप कमी जावा. तुमच्या गाळ्यात मोबाइलचं दुकान येणार म्हणतात. गिऱ्हाइकं पेटी बघून ओरडतात आणि मग पुन्हा बघायला येतात. लगेच काही टाकलं नाही, तिचे दात काळे होईपर्यंत थांबायचं हे तुम्हीच शिकवलं होतं.

काल ते काळे झालेले दिसले. आज सकाळी घासातून नाकतोडा धरून आणला, डब्यात ठेवला. झाकण उघडायला गेले आणि हात थांबला. पहिल्यांदाच. तुमच्या हाताला काय होत असेल ते मला इतक्या वर्षांनी कळलं. तेवढ्यात भाभी आल्या. म्हणाल्या, घरी बसवत न्हाई. डबा बघून त्यांना समजलं. मी म्हणाले, तुम्ही रस्त्याकडे बघा, मी टाकते.

त्यांनी मान हलवली, पुढे आल्या आणि पेटीचं झाकण स्वतःच्या हाताने उचलून धरलं.

"टाका," त्या म्हणाल्या. "त्यांचं अर्धं माझ्यावर."

मी नाकतोडा टाकला. भाभी बघत राहिल्या, शेवटपर्यंत. त्यांच्या बांगड्या नसलेल्या हातात झाकण स्थिर होतं, हललं नाही. मी मात्र सवयीने दाराकडे बघितलं आणि थांबले. बाहेर ट्रक जात होते. कुणी विचारेना, तेव्हा मला रडू आलं. इतक्या दिवसांचं होतं, बराच वेळ आलं. भाभींनी झाकण लावलं आणि माझ्या मशीनच्या स्टुलावर बसून राहिल्या.

झालं, भाऊ. आता वळा.